घुम्याचा दुमडलेला कान

१

मंगळवारी सकाळी मी नवी काचपेटी घेऊन काकूंच्या कारखान्यात शिरलो, तेव्हा काकू घुम्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा साफ पडला होता.

“हा माझा नाही,” त्या म्हणाल्या. “याच्यात कुणीतरी काहीतरी केलंय.”

कारखाना म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि खोट्या फरच्या गुंडाळ्या. मागच्या खोलीत लांब टेबल, तारा, सुऱ्या, रंग आणि कोपऱ्यात एक जुना ओव्हन. इथे बसून काकू जगात नसलेले प्राणी बनवतात. चेहरा क्ले नावाच्या मातीचा करायचा, काचेचे डोळे बसवायचे, ओव्हनमध्ये भाजायचा, आणि मग त्याला तारेचं अंग आणि फरचं कातडं चढवायचं. एकेका प्राण्याला दोन-दोन महिने जातात. मी त्यांच्या गल्लीतच राहतो आणि त्या प्राण्यांसाठी काचपेट्या करतो. माझ्या पेटीचं माप कधी चुकत नाही, हे मी कुणी न विचारताही सांगत असतो.

घुम्या हा त्यातला सगळ्यात देखणा. मांजराएवढा, करडा, कोल्ह्यासारखं निमुळतं तोंड, पिवळे डोळे, एक कान ताठ आणि एक दुमडलेला. चेहऱ्यावर असा भाव, की याच्या मनात बरंच काही आहे, पण तुम्ही विचारल्याशिवाय हा तोंड उघडणार नाही. म्हणून नाव घुम्या. वाचनालयात मुलांच्या खोलीत, जिन्याखालच्या कोनाड्यात तो बसणार होता. शनिवारी वाचनालयाच्या बाई त्याला न्यायला येणार होत्या.

“आई, पुन्हा तेच?” काकूंचे चिरंजीव आतून आले. हातात मोबाइल. “हा बघ फोटो. तू दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीचा. आपण दोघं आणि घुम्या. हा बघ घुम्या. काही फरक आहे? तूच सांग.”

चिरंजीवांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मी एकदा फोटो बघितला, एकदा घुम्या बघितला. तिळमात्र फरक नव्हता.

“मोतीबिंदू काढलाय तुझा,” चिरंजीव समजुतीने म्हणाले. “महिनाभर मावशीकडे होतीस. नव्या डोळ्यांना रंग वेगळे दिसतात, डॉक्टरांनीच सांगितलं होतं.”

“मी रंगाचं बोलतच नाहीये.”

“मग कशाचं?”

काकूंनी घुम्याच्या डोक्यावर हात ठेवला. “हाताला लागत नाही रे.”

चिरंजीवांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मला खाली बघावं लागलं. मग ते मला बाहेर घेऊन गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “शुक्रवारी स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. आणि त्यानंतर इथे कुलूप. ओव्हन, सुऱ्या, तारा... अशा अवस्थेत माणसाच्या हातात हे द्यायचं नसतं. मला काय आवडतंय का?”

वाईट माणूस नाही तो. आईच्या काळजीने त्याची झोप उडाली होती, ते दिसत होतं.

मी परत आत गेलो, घुम्याला पेटीत बसवून बघितला, आणि “काचेला पॉलिश राहिलंय” म्हणून पेटी परत उचलली. निघताना काकूंनी माझी बाही धरली.

“मी भ्रमिष्ट झाले असेन तर सरळ सांग,” त्या म्हणाल्या. “मी शहाण्यासारखी डॉक्टरकडे जाईन. पण झाले नसेन तर?”

“बघतो,” म्हणून मी पेटी घेऊन निघालो. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, की बाईंचं वय झालं.

२

घरी येऊन मी हे सगळं आत्याला सांगितलं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. तीस वर्षं पोस्टात हरवलेल्या पार्सलांचा शोध घेण्याच्या खात्यात होती. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण घरात चमचा हरवला तरी ती आधी एकच प्रश्न विचारते.

“शेवटचा हात कुणाचा?”

“अगं, हरवलं काहीच नाहीये. घुम्या जागच्या जागी आहे. काकूंना तेवढं वाटतंय...”

“‘तेवढं’ म्हणजे केवढं? तू तिला विचारलंस?”

नव्हतं विचारलं. आत्याने चपला घातल्या.

काकू मागच्या खोलीत होत्या. आत्या त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. दोघी एका वयाच्या, चाळीस वर्षांच्या शेजारणी.

“काय लागत नाही हाताला? नीट सांग. मला घाई नाही.”

आणि काकू सांगू लागल्या. मला वाटतं, दोन दिवसांत हा प्रश्न त्यांना कुणीच विचारला नव्हता.

“डोळे अधू झाले तेव्हापासून मी सगळं हातानेच करते. घुम्या मांडीवर बसवायचा, त्याची पाठ माझ्या पोटाला. डोक्यावर उजवा हात. म्हणजे आपण लेकराच्या डोक्यावर ठेवतो ना, तसा. दोन महिने रोज. तेव्हा दुमडलेला कान माझ्या अंगठ्याला लागायचा. आता करंगळीला लागतो.”

“बरं. आणखी?”

“फर तीच आहे, गुंडाळी तीच. पण टाके माझे नाहीत. माझा टाका जरा ढिला पडतो, बोटं दुखतात म्हणून. हा घट्ट आहे. आणि तरीही...” काकू थांबल्या. त्यांनी घुम्याचं तोंड कुरवाळलं. “तरीही नाक माझंच आहे गं. हनुवटी माझी आहे. म्हणून तर मला भीती वाटते. चेहरा माझा आणि बाकीचा परका, असं कसं असेल? मग मीच विसरतेय, असंच ना?”

“तुला संशय कुणाचा?”

“चिमणीचा,” काकू चटकन म्हणाल्या. चिमणी म्हणजे त्यांची शिष्या. दोन महिन्यांपूर्वी भांडून गेली होती, आणि आता स्वतःचे प्राणी बनवत होती. “तिनेच माझा घुम्या नेला असणार आणि हा इथे ठेवला.”

आत्या उठली आणि खोलीत हिंडायला लागली. एका खुंटीवर काकूंचा कामाचा एप्रन होता, छातीशी एकच खिसा असलेला. तो तिने हाताळला. सुऱ्या बघितल्या. ओव्हनचं दार उघडून आत डोकावली आणि बराच वेळ डोकावतच राहिली.

“का गं?” मी विचारलं.

“किती वर्षांचा आहे हा?”

“पंधरा-सोळा,” काकू म्हणाल्या.

“आत तोंड दिसतंय माझं,” आत्या म्हणाली आणि दार लावलं.

३

सूनबाई पुढच्या खोलीत मशीनवर होत्या. काकूंच्या प्राण्यांच्या फरची शिलाई त्याच करतात. बोलणं कमी, हात भराभर.

“आई नव्हत्या तेव्हा कारखान्यात कोण यायचं?” आत्याने विचारलं.

“मीच. हे कधीतरी डोकवायचे.”

“ओव्हन छान घासलाय.”

“आई यायच्या आधी सगळंच घासूनपुसून घेतलं.” सूनबाईंनी मान वर केली नाही. “आईंना स्वच्छ लागतं.”

“सासू म्हणते घुम्या तिचा नाही. तुला काय वाटतं?”

मशीन थांबलं. “त्यांना जास्त कळतं. मी काय सांगणार?”

चिरंजीवांनी मात्र पाच मिनिटांत आईच्या विसरभोळेपणाचे सात दाखले दिले. चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. एकाच गोष्टीसाठी दोनदा फोन केला होता. आत्याने सगळे ऐकून घेतले. शेवटी म्हणाली, “माझा चष्मा परवा पिठाच्या डब्यात सापडला. माझीही वेळ घेऊन ठेव.”

चिरंजीवांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण फोटो त्यांनी आत्याच्या मोबाइलवर पाठवला.

दुपारी डोळेवाले आले. काचेचे डोळे बनवणारा हा जाडजूड गृहस्थ, खिशात कायम दोन-चार डोळे घेऊन फिरतो आणि लहान मुलांना घाबरवतो. आत्याने त्यांच्या हातात घुम्या दिला.

“हे डोळे तुमचे?”

त्यांनी भिंग लावलं. “माझेच. या उजव्या डोळ्यात बघा, सुईच्या टोकाएवढा बुडबुडा राहिलाय. मी बदलून देणार होतो, काकू म्हणाल्या राहू दे, जिवंत वाटतो. असा दुसरा डोळा होणं शक्य नाही.”

“डोळे काढून दुसऱ्या चेहऱ्यात बसवले असतील तर?”

“कसे बसवणार? आधी डोळे बसवतात, त्यावर मातीच्या पापण्या, आणि मग सगळं एकत्र भाजतात. डोळे काढायचे तर चेहरा फोडावा लागेल. याच्या पापणीला चीरसुद्धा नाहीये.” त्यांनी भिंग खिशात घातलं आणि हळूच म्हणाले, “आत्याबाई, हा काकूंचाच घुम्या आहे. देवाशप्पथ. बिचाऱ्या थकल्या आता.”

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्या आत गेल्या, खुंटीवरचा एप्रन काढला, घडी केला आणि कपाटात ठेवून दिला.

मी आत्याकडे बघितलं तर ती घुम्याची हनुवटी चाचपत होती. फर बाजूला करून तिने नखाने काहीतरी खरवडून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मोहरीच्या दाण्याएवढा, काळा, कडक गोळा.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“तेच बघायचंय,” ती म्हणाली.

४

बुधवारी आम्ही चिमणीकडे गेलो. तिचं घर दोन गल्ल्या पलीकडे. दार उघडल्या उघडल्या ती म्हणाली, “मी काही चोरलेलं नाही,” आणि मग आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. खिडकीत तिचे प्राणी मांडले होते. शिंगांचे ससे, पंखांच्या खारी. चांगले होते. काकूंइतके नव्हते, हे तिलाही माहीत असावं.

“भांडण कशावरून झालं?” आत्याने विचारलं.

“चेहऱ्यावरून. तीन वर्षं शिकले. तार येते, पंजे येतात, रंग येतात. पण चेहऱ्याला हात लावू द्यायच्या नाहीत. कुणालाच नाही. ‘चेहरा मीच करणार.’ मी म्हटलं, मग मी इथे म्हातारी होणार का? त्या म्हणाल्या, दार उघडं आहे. मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि निघाले.” तिचे डोळे भरले. “त्या खरंच म्हणाल्या का, मी चोरला?”

आत्याने प्रश्नाला बगल दिली. “मला एक सांग. काकूंकडे कामाचे नियम काय होते?”

“ढीगभर! फर कात्रीने कापायची नाही, मागून सुरीने कापायची, नाहीतर केस तुटतात. रंगाचा ब्रश उभा ठेवायचा नाही. ओव्हन आधी रिकामा तापवायचा, काटा स्थिर झाला की मगच माती आत. थंड ओव्हनमध्ये माती ठेवून तापवली तर चेहऱ्याला भेगा जातात, असं त्यांचं म्हणणं. पहिल्याच दिवशी पाठ करून घेतलं होतं.”

“आणि तयार झालेला प्राणी ठेवायचा कुठे?”

चिमणी हसली. “तुम्हाला नाही माहीत? ओव्हनमध्येच. थंड ओव्हनमध्ये. दार घट्ट लागतं ना, धूळ नाही, झुरळं नाहीत. संध्याकाळी कामं आटोपली, की काकू त्याला स्वतः आत ठेवायच्या. सकाळी पहिलं काम म्हणजे त्याला बाहेर काढायचं.”

“हे कुणाकुणाला माहीत?”

“मला. शेवटी मीच थांबायचे ना. सूनबाई पाचलाच वर जायच्या, घरचं बघायला. त्यांना सकाळी घुम्या टेबलावरच दिसायचा.”

आत्याने कागदाच्या पुडीतून तो काळा गोळा काढला. चिमणीने तो घेतला, चिमटीत दाबला, वास घेतला, आणि तिचा चेहरा उतरला.

“ही फर आहे,” ती म्हणाली. “वितळलेली.”

५

घरी आल्यावर आत्याने मोबाइलवर तो फोटो उघडला आणि तासभर त्याच्याकडे बघत बसली. मी आपला कोपऱ्यात काचपेटीची एक बाजू काढत होतो. तेवढ्यात तिने विचारलं, “काय करतोयस?”

“पॉलिश.”

“पॉलिशला स्क्रू काढावे लागतात?”

मी स्क्रू मुठीत लपवले. आत्याने चष्मा कपाळावर सरकवला. तीस वर्षं पोस्टात लोकांच्या थापा ऐकलेल्या बाईसमोर मूग गिळून किती वेळ बसणार?

“बसत नाहीये,” मी कबूल केलं. “वाचनालयाच्या जिन्याखालचा कोनाडा तिरका आहे, म्हणून पेटीचं छतही तिरकं केलंय. डावीकडे उंच, उजवीकडे उतरतं. दीड महिन्यापूर्वी घुम्याला समोर ठेवून स्वतः माप घेतलं होतं. काल बसवला, तर ताठ कान उतरत्या काचेला टेकला. माझं माप चुकलं. पहिल्यांदाच चुकलं. म्हणून गुपचूप दुरुस्त करतोय.”

“आणि हे तू मला आत्ता सांगतोस?”

“लाज वाटली.”

“तुझं माप चुकलेलं नाही, गाढवा!” आत्या ओरडली. मला आयुष्यात कुणी इतक्या आनंदाने गाढव म्हटलं नव्हतं. “ताठ कान तेव्हा पेटीच्या उंच बाजूला होता. आता उतरत्या बाजूला आलाय. ती बिचारी अंगठा आणि करंगळी म्हणून घसा कोरडा करतेय, तुझी पेटी तेच सांगतेय, आणि तू पेटीलाच गप्प करायला निघालास!”

“पण फोटो? फोटोत तर कान आत्ता आहे तसाच आहे!”

“फोटोत काकूंच्या एप्रनचा खिसा कुठे आहे?”

मी बघितलं. “उजव्या छातीवर.”

“मी काल तो एप्रन हातात घेतला होता. खिसा डाव्या छातीवर आहे.” तिने मोबाइल खाली ठेवला. “चिरंजीवांनी मोबाइल स्वतःकडे वळवून काढलाय फोटो. काही मोबाइल तसा फोटो आरशासारखा उलटा ठेवतात. फोटोत सगळंच उलटं आहे. आणि घुम्या त्या फोटोशी तंतोतंत जुळतो.”

मी मोबाइल उचलला. “म्हणजे कुणीतरी कान फोटो बघून लावले.”

“मूळ कान हाताशी असते, तर फोटो कशाला बघावा लागला असता?” आत्या म्हणाली. “उद्या सगळ्यांना बोलव. चिमणीलाही. आणि ती काच परत लाव.”

६

गुरुवारी सकाळी आम्ही सगळे कारखान्याच्या मागच्या खोलीत जमलो. काकू टेबलाच्या टोकाला, घुम्या मांडीवर. चिरंजीव भिंतीला टेकून, सूनबाई दाराशी, डोळेवाले एकुलत्या एक खुर्चीवर. चिमणी आली तेव्हा काकूंनी तोंड फिरवलं.

मी पेटी टेबलावर ठेवली आणि घुम्याला आत बसवला. ताठ कान काचेला टेकून वाकला. आत्याने मोबाइलचा फोटो आणि एप्रन शेजारी शेजारी धरून खिसा दाखवला. चिरंजीव दोनदा बघून खाली बसले. बसायला जवळ काही नव्हतं, ते जमिनीवरच बसले.

“आता डोळेवाले म्हणतात, चेहरा मूळचाच आहे,” आत्या म्हणाली. “त्यांचं बरोबर आहे. काकू म्हणते, हा माझा नाही. तिचंही बरोबर आहे. चेहरा तिचा आहे आणि कातडं दुसऱ्या कुणीतरी नव्याने चढवलंय. का चढवलं? सगळी फर गेली आणि चेहऱ्याला, डोळ्यांना काहीच झालं नाही, असं कशाने होतं? पाण्याने फर भिजते, वाळते. किडीने भोकं पडतात. पण उष्णतेने खोटी फर वितळते, आणि आधीच भाजलेल्या चेहऱ्याला तेवढ्या उष्णतेने काही होत नाही. हनुवटीखाली हा गोळा राहून गेला होता.”

“ओव्हन,” काकू पुटपुटल्या. “मी जाताना त्याला ओव्हनमध्ये ठेवला होता.”

“ठेवला होतास. आणि कुणीतरी ओव्हन लावला. आता विचार करा. हिच्या मुलाने काही गरम करायला ओव्हन लावला असता, तर तो आधी दार उघडून वस्तू आत ठेवणार आणि मग बटण दाबणार. जगात सगळे असंच करतात. त्याला घुम्या दिसला असता. दार न उघडता, रिकामा समजून ओव्हन तापवत ठेवणारं माणूस एकच. ज्याला माती भाजायचीय आणि ज्याने या घरचा नियम पाळलाय.”

सगळ्यांची नजर चिमणीकडे वळली. चिमणी पांढरीफटक पडली.

“तिच्याकडे बघू नका,” आत्या म्हणाली. “घुम्या ओव्हनमध्ये झोपतो हे तिला पक्कं माहीत होतं. ती आधी दार उघडून बघणार. आणि तिच्याकडे किल्लीही नाही. हे करणाऱ्याकडे किल्ली होती, नियम माहीत होता, संध्याकाळची सवय माहीत नव्हती, आणि फरची शिलाई घट्ट, सुबक येत होती. आणखी एक गोष्ट. या घरात सगळे म्हणाले की काकू विसरतात. एका माणसाने ते एकदाही म्हटलं नाही. कारण त्याला माहीत होतं, त्या विसरत नाहीत.”

मग दाराशी सूनबाई मटकन खाली बसल्या.

“मी खूप घाबरले,” त्या म्हणाल्या. “वास आला तोवर सगळी फर चिकटली होती. कानांचा नुसता गोळा झाला होता. रात्रंदिवस बसून नवीन शिवलं. कान कोणता कुठे, ते आठवेना, म्हणून यांच्या मोबाइलमध्ये बघितलं. वाटलं, कुणाला कळणारच नाही. मग आई म्हणाल्या हा माझा नाही, आणि हे लगेच म्हणाले आई विसरते. माझी जीभच उचलेना. रोज ठरवायचे, आज सांगू.”

“तू ओव्हन कशासाठी लावला होतास?” काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी थंड होता.

सूनबाईंची नजर वर, घराकडे गेली.

“चेहरा केला होतास?”

सूनबाईंनी होकाराची मान हलवली.

“घेऊन ये.”

सूनबाई वर गेल्या आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. मुठीएवढा, न भाजलेला चेहरा. घुबडासारखा, पण ओठ असलेला. काकूंनी तो हातात घेतला, डोळे मिटले आणि अंगठा फिरवायला लागल्या. कपाळावरून, भुवईवरून, गालावरून. चिमणीने श्वास रोखला होता. तीन वर्षांत तिला जे मिळालं नव्हतं, ते समोर चाललं होतं.

“नाक खाली बसलंय,” काकू म्हणाल्या. “भुवई बरी आहे.”

“आई, मला माफ करा.”

“फर जळली त्याचं मला काही नाही. फर पुन्हा लावता येते.” काकूंनी चेहरा टेबलावर ठेवला. “रविवारी परत आले तेव्हापासून मी रोज सकाळी उठून स्वतःला विचारत होते, आज वार कोणता, मुलाचा वाढदिवस केव्हा, नवरा गेला ते साल कोणतं. माझ्याच हातांवर माझा विश्वास उरला नव्हता. मी एप्रन घडी करून ठेवला. तू बघितलंस ते, मशीनवरून. बघितलंस ना?”

“बघितलं,” सूनबाई म्हणाल्या.

“माफी नको मला. तोंडाने म्हणा, की माझं बरोबर होतं. सगळ्यांनी म्हणा.”

मग डोळेवाले खुर्चीतून उठले. “काकू, तुमचं बरोबर होतं.”

चिरंजीव जमिनीवरूनच म्हणाले, “आई, तुझं बरोबर होतं.” आणि मोबाइल काढून त्यांनी शुक्रवारची वेळ रद्द करायला फोन लावला.

काकूंनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा मला वाटलं, मी सुटेन. पण त्यांची नजर हलली नाही. “काकू, तुमचं बरोबर होतं,” मी म्हटलं. “आणि मला ते पेटीने सांगितलं होतं.”

काकू चिमणीकडे वळल्या. “तू नको म्हणूस. तुला मी म्हणते. माझं चुकलं.” चिमणी रडायलाच लागली.

राहिल्या सूनबाई. आम्ही सगळे चुकलो होतो, पण आम्हाला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं.

“आई,” त्या म्हणाल्या, “तुमचं बरोबर होतं.”

“पुन्हा म्हण.”

“तुमचं बरोबर होतं.”

“पुन्हा.”

तिसऱ्यांदा म्हणताना सूनबाईंच्या तोंडून शब्द नीट बाहेर पडला नाही. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नव्या डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं तरी. त्यांनी ते पदराने पुसलं, घुम्याला पेटीतून काढून बाजूला ठेवलं आणि पायाने एक स्टूल ओढून आपल्या शेजारी आणलं.

“बस इथे,” त्या सुनेला म्हणाल्या. “आधी हे नाक उचल. चिमणे, तू पण ये. दोघींना एकदमच दाखवते.”